पाळण्याखालची जमीन

खंडेश्वरीच्या जत्रेतला आकाशपाळणा आपण बीडकरांनी पाहिलाय. जत्रा उठली की तो ट्रकवर चढतो आणि मैदान मोकळं होतं. पण समुद्रकाठी पाळणा कायमचा रोवला, की त्याच्यापेक्षा खालची जमीन महाग होते.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर हेच झालं. १९६६ मध्ये बिल्डर फ्रेड ट्रम्पने तिथला स्टीपलचेस पार्क पाडला. त्याला टॉवर बांधायचे होते. पण जागा करमणुकीसाठी राखीव होती आणि वापर बदलायची परवानगी मिळालीच नाही. १९८९ मध्ये शहराने तिथल्या १९२० सालच्या ‘वंडर व्हील’ पाळण्याला वारसा दर्जा दिला. २००९ मध्ये आरक्षण बदललं, हॉटेलं आणि टॉवरना वाट मिळाली. पण काही एकर जमीन शहराने स्वतः विकत घेऊन खेळण्यांसाठी ठेवली. पाळणा आजही फिरतो.

त्याच १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. खाडी बोटीने ओलांडून पोरं तिथं जायची. २०२२ मध्ये ते बंद झालं. आता तिथं काय होणार, हा एकट्या मालकाचा प्रश्न नाही. शेजारी गोराई, मनोरी, उत्तनचे कोळी आणि शेतकरी राहतात. पर्यटनाच्या सरकारी आराखड्याला त्यांनी याआधीही विरोध केलाय.

विकास आराखडा म्हणजे रंगीत नकाशा. रंग बदलला की भाव बदलतो. हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात, आणि ते दिवस बहुतेकांना कळतही नाहीत.

आपल्या जत्रेच्या जागेचा रंग कोणता, पाहिलाय कधी?