दापोलीच्या पडवीत बसलेली मुले

दापोलीला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात. खेडहून घाट चढून वर आलो की हवा बदलते, सुरूची झाडे दिसू लागतात, आणि पुढे काही किलोमीटर उतरले की मुरूड-हर्णेचा समुद्र. डोंगरमाथ्यावरच्या या छोट्या गावाची ओळख करून देणारी माहितीपत्रके एक गोष्ट हमखास सांगतात : हा भारतरत्नांचा तालुका आहे. धोंडो केशव कर्वे मुरूडचे, पांडुरंग वामन काणे दापोलीत शिकले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे इथून जवळ. शिवाय टिळकांचे चिखलगाव, रँग्लर परांजप्यांचे मुर्डी, साने गुरुजींची शाळा. यादी मोठी आहे आणि खरीही आहे.

पण यादी म्हणजे इतिहास नव्हे. बाबासाहेबांचे नाव या यादीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर टाकले की प्रश्न मिटतो, असे यादी करणाऱ्यांना वाटते. आमचा प्रश्न नेमका तिथेच सुरू होतो. महूच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेला एक महार सुभेदार बायकामुलांना घेऊन दापोलीतच का येतो? आपल्या मूळ गावी, आंबडव्याला, का जात नाही? आणि दापोलीत आल्यावर दोन-तीन वर्षांतच बिऱ्हाड उचलून साताऱ्याला का जातो?

या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर ‘रत्नां’ना जरा बाजूला ठेवून गावाच्या जुन्या नावाकडे पाहावे लागते. ते नाव आहे कॅम्प दापोली.

१८१८ साली पेशवाई संपली. १ जानेवारीला कोरेगावला काय झाले ते आपल्या पोरासोरांना तोंडपाठ आहे. त्याच वर्षी इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी लष्करी ठाणे म्हणून दापोलीची निवड केली. उंचावरची थंड हवा आणि जवळ बंदर, एवढे त्यांना पुरेसे होते. १८४० च्या सुमारास नेहमीच्या पलटणी इथून हलवल्या आणि जुन्या, उतारवयाच्या शिपायांची पलटण तेवढी ठेवली. १८५७ मध्ये तीही मोडली. सरकारी नोंदींपुरती दापोलीची लष्करी कहाणी इथे संपते. पण पलटण मोडली म्हणून माणसे कुठे जाणार? पेन्शनीत निघालेली महार आणि चांभार शिपायांची कुटुंबे दापोलीच्या आसपास राहिली. मुंबई इलाख्याच्या सैन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून भरती होणाऱ्यांत आपले लोक पुष्कळ होते. पुढची चाळीस वर्षे नवे पेन्शनर इथे येऊन स्थायिक होत राहिले.

हे लोक आपापल्या गावी परत का गेले नाहीत, हे समजायला गावगाडा आठवावा लागतो. गावात महार म्हणजे वतनदार, आणि वतन म्हणजे गावाची वेठ. मेलेले ढोर ओढायचे, सरकारी सांगावा घेऊन पळायचे, खोताच्या दारात उभे राहायचे आणि बदल्यात भाकरीचे तुकडे व सुगीला बलुते घ्यायचे. कोकणात त्यावर खोतीचा जाच वेगळा. पलटणीत हवालदार झालेला, हाताखाली माणसे वागवलेला, अक्षरओळख असलेला माणूस परत त्या दारात वाकून उभा राहणार नव्हता. त्याच्याकडे दरमहा रोख पेन्शन होती. रक्कम थोडी असेल, पण ती खोताच्या किंवा पाटलाच्या हातून येत नव्हती. आमच्या मते दापोलीच्या इतिहासाची किल्ली या एका गोष्टीत आहे. ज्याची भाकरी गावाच्या हातात नाही, तो माणूस गावाला प्रश्न विचारू शकतो.

दुसरी गोष्ट शाळेची. पलटणीत शिपायांच्या मुलांना, मुलींनाही, शिकवण्याची सोय होती. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढू देत नव्हते, त्यांच्या घरात पलटणीमुळे लिहिणे-वाचणे आले. रोख पैसा आणि अक्षर या दोन गोष्टी एकाच वस्तीत एकत्र आल्या. एरवी गावकुसाबाहेरच्या वस्तीत हे होणे त्या काळात जवळजवळ अशक्य होते.

अशा वस्तीतून गोपाळबाबा वलंगकर उभे राहिले. महाडजवळच्या रावढळचा हा माणूस. सैन्यातून १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर दापोलीला आले आणि त्यांनी लेखणी हातात धरली. जोतीराव फुल्यांच्या विचाराने भारलेले वलंगकर ‘दीनबंधू’तून लिहीत. ‘विटाळ विध्वंसन’ नावाची पुस्तिका त्यांनी काढली आणि तिच्यात हिंदू धर्माच्या ठेकेदारांना सरळ प्रश्न टाकले. विटाळ देवाने निर्माण केला की माणसाने? माणसाने केला असेल तर माणसाला तो मोडता का येत नाही? १८९० च्या आसपास त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली. अस्पृश्यांनी स्वतः चालवलेल्या पहिल्या संघटनांपैकी ही एक. बाबासाहेबांचा जन्म व्हायचा होता किंवा नुकताच झाला होता, तेव्हाची ही गोष्ट आहे.

आता शाळेच्या पडवीकडे येऊ.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला दापोलीच्या या पेन्शनरांनी आमच्या मुलांना सार्वजनिक शाळेत घ्या, असे अर्ज केले. अर्ज करणाऱ्यांना कायदा ठाऊक होता. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला होता आणि त्याला नकार मिळाला होता. ते प्रकरण थेट विलायतेपर्यंत गेले. त्यानंतर सरकारी पैशावर चालणारी शाळा सर्व जातींना खुली आहे, असे कागदावर ठरले. १८८२ च्या हंटर आयोगापुढेही हा प्रश्न आला. म्हणजे हक्क कागदावर होता. दापोलीच्या शाळेचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांना उघड ‘नाही’ म्हणता येईना. मग जी वाट काढली ती आपल्या ओळखीची आहे. मुले शाळेत आली, पण वर्गात नाही. त्यांना पडवीत बसवले.

पडवी म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. छपराखाली, पण घराबाहेर. पावसाळ्यात झडीचे पाणी आत येते. मास्तर आत फळ्यासमोर, मुले बाहेर. मुलाचे नाव हजेरीत आहे, सरकारच्या दप्तरी ‘प्रवेश दिला’ अशी नोंद आहे, आणि शिकवणे मात्र भिंतीच्या पलीकडे चालू आहे. प्रवेश नाकारायचा नाही, पण आत घ्यायचेही नाही, ही युक्ती १८९० च्या दशकातली आहे. आज उच्च शिक्षणात आरक्षित जागा ‘योग्य उमेदवार न मिळाल्याने’ रिकाम्या राहतात तेव्हा आम्हाला दापोलीची पडवी आठवते.

याच दशकात, याच गावातल्या मिशनच्या हायस्कुलात पांडुरंग वामन काणे शिकत होते. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला आणि त्याबद्दल त्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आम्हाला आदर आहे. पण धर्मशास्त्र प्रत्यक्षात कसे चालते हे पाहायला पोथी लागत नव्हती. ते त्याच गावात पडवीत बसलेले होते. कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केले म्हणून मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, हे सर्वांना माहीत आहे आणि ते माहीत असलेच पाहिजे. मग दापोलीच्या पेन्शनरांचे अर्ज का माहीत नाहीत?

हे अर्ज चालू असतानाच पायाखालची जमीन सरकली. १८९२ मध्ये सैन्यातली महारांची भरती थांबवण्यात आली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मताच्या अधिकाऱ्यांनी ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत काढला होता. उत्तरेकडचे काही समाज तेवढे शूर, बाकीचे नालायक. ज्यांच्या बापजाद्यांनी कोरेगावला रक्त सांडले, तेही नालायकांच्या यादीत गेले. इंग्रजांचे आपल्यावर फार उपकार होते असे मानणाऱ्या आपल्यातल्या मंडळींनी हे साल लक्षात ठेवावे. सवर्णांना दुखवायचे नाही, हा हिशेब साहेबालाही चांगला कळत होता.

वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध एक मोठा अर्ज तयार केला. त्यावर आपण प्रामाणिकपणे बोलले पाहिजे, कारण तो आज वाचताना अडखळायला होते. त्यात युक्तिवाद असा आहे की आम्ही मूळचे क्षत्रिय. १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खावे लागले म्हणून आम्हाला खाली ढकलले गेले. एका बाजूला संघटनेचे नाव ‘अनार्य’, म्हणजे फुल्यांच्या परंपरेतले, आर्य-ब्राह्मणांना नाकारणारे. दुसऱ्या बाजूला सरकारदरबारी क्षत्रियत्वाचा दावा. काही मित्र या विसंगतीमुळे वलंगकरांना बाजूला ठेवतात. आम्हाला ते पटत नाही. नोकरीचे दार बंद करणाऱ्याने ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असे कारण दिले होते. उत्तर त्याच्याच भाषेत देणे भाग होते. चातुर्वर्ण्य मुळातूनच नाकारण्याची भाषा घडायला अजून तीस-चाळीस वर्षे लागायची होती, आणि ती घडवणारा तेव्हा तीन वर्षांचा होता.

तो मुलगा याच सुमारास दापोलीत आला. रामजी सुभेदार पेन्शनीत निघून कॅम्प दापोलीला राहायला आले ते १८९४ च्या आसपास. दापोलीत स्थायिक व्हायचा त्यांचा विचार होता, पण पुढे तो बदलला, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कारण त्यांनी दिलेले नाही. आम्ही तर्क करतो तो एवढाच : भरती बंद झालेल्या, नवी पेन्शन येणे थांबलेल्या आणि मुलांना पडवीत बसवणाऱ्या गावात, शिक्षणाचे वेड असलेल्या बापाला मुलांचे भविष्य दिसले नसेल. साताऱ्याला नोकरी होती.

दापोलीपासून काही किलोमीटरवर वणंद आहे. माता रमाईंचे माहेर. ७ फेब्रुवारीला आपण तिथे जातो, फुले वाहतो, फोटो काढतो. रमाईंचा जन्म १८९८ चा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. एका बाजूला सुभेदाराचे घर, जिथे पोथ्या आहेत, इंग्रजी आहे, मुलांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा बाप आहे. दुसऱ्या बाजूला त्याच समाजाचे, त्याच तालुक्यातले, डोक्यावर टोपली असलेले घर. या दोन घरांत गुणांचा फरक नव्हता. एकाला पलटणीचे दार उघडे मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही. १८९२ च्या हुकुमाने कोकणातल्या सगळ्या सुभेदारांच्या पुढच्या पिढ्या भिकू धुत्र्यांच्या रांगेत उभ्या केल्या. आईवडील लवकर गेले, रमाई भावंडांसह मुंबईला आल्या, आणि १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात लग्न लागले. दापोलीच्या डोंगरातली दोन्ही घरे तिथे एकत्र आली. मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत कोकणातले आपले लोक का भरले, याचे उत्तरही या हुकुमात आणि खोतीत आहे.

हा सगळा इतिहास नव्याने आम्ही शोधलेला नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब अध्यक्ष म्हणून बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी चवदार तळ्याच्या आधी याच मुलखाच्या लष्करी इतिहासाबद्दल सांगितले. हा भाग एकेकाळी पेन्शनरांनी गजबजलेला होता, भरती बंद झाली आणि उतरती कळा लागली, असे त्यांचे म्हणणे होते. समोर बसलेल्यांत जुने शिपाई होतेच. वलंगकरांची १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली होती, तेव्हा सवर्ण सदस्यांना ती सहन झाली नव्हती. बत्तीस वर्षांनी त्याच महाडात लोक तळ्यावर गेले. चवदार तळ्याचा सत्याग्रह आकाशातून पडला नाही. पडवीत बसलेल्या मुलांचे भाऊबंद आणि मुलेबाळे तिथे ओंजळ घेऊन उभी होती.

आपल्या जयंतीच्या भाषणांत अनेकदा असे चित्र येते की सगळा समाज अंधारात निपचित होता आणि एक महामानव आला. यात बाबासाहेबांचा गौरव होतो असे बोलणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात विरोधकांचेच काम सोपे होते. ते म्हणतात, तुम्ही काय केले होते? इंग्रजांची चाकरी! त्यांना एकच विचारावे. दापोलीचे मामलेदार, कारकून, मुन्सफ आणि वकील कुणाच्या राज्यात, कुणाच्या कचेरीत बसत होते? खोतांच्या सनदा कोण शाबूत ठेवत होते? १८९९ मध्ये खोती कायद्यात कुळांच्या बाजूने दुरुस्ती आली तेव्हा तिला विरोध कोणी केला, हेही विचारावे. ती खोती मोडण्यासाठी १९३७ मध्ये विधेयक मांडणारा दापोली सोडून गेलेल्या सुभेदाराचा मुलगा होता. प्रत्यक्षात कायदा व्हायला १९४९ उजाडले.

आज कॅम्प दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, हॉटेले आहेत, आंब्याच्या पेट्या आहेत. वणंद आणि आंबडव्याला स्मारके झाली, चांगले झाले. आमची सूचना साधी आहे. पुढच्या फेब्रुवारीत वणंदला जाल तेव्हा एक दिवस जास्त काढा. दापोली, खेड, मंडणगड, महाड या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांत पणजोबा पलटणीत होते असे सांगणारी म्हातारी माणसे अजून भेटतात. घरात एखादी पत्र्याची ट्रंक असेल, तिच्यात पेन्शनचा कागद, बिल्ला, पदक, मोडीतला एखादा अर्ज असेल. काही मागून आणू नका, नीट फोटो काढा, कुणाचे काय ते लिहून घ्या आणि कागद त्याच घरी परत ठेवा. मोडी वाचता येणारे दोघे-तिघे कार्यकर्ते तयार झाले तरी काम सुरू होईल. कोकणातला पावसाळा आणि वाळवी थांबणारी नाही.