आधी तयारी, मग शाळा?

ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईवडिलांना मुख्याध्यापकांच्या खोलीत, दवाखान्यात आणि लग्नाच्या पंगतीत एकच सल्ला मिळतो: अजून एक वर्ष थांबा. एका जागी बसू लागला, हाक मारल्यावर वळून पाहू लागला, शी-शू सांगू लागला, की मग घाला शाळेत. सल्ला देणाऱ्याच्या मनात बहुधा खोट नसते. म्हणूनच तो नीट मांडून मग खोडायला हवा.

पूर्वपक्ष असा: लहान वयात मेंदू वेगाने घडतो, तेव्हा हा काळ एकास एक थेरपीला द्यावा. वर्गात पन्नास मुले आणि एक बाई. या मुलाकडे पाहणार कोण? आणि सुरुवातच कडू झाली, तर मूल पुढे शाळेचे नाव काढू देणार नाही. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे. मधला पुष्कळ शाळांत खरा आहे. पहिलाही खोटा नाही, फक्त शाळा सुरू झाली म्हणजे थेरपी थांबवावी लागते असे कुणी सांगितले? तिन्ही मुद्दे मान्य केले, तरी त्यांतून ‘थांबा’ हा निष्कर्ष निघत नाही.

‘पिकल्यावरच शिकवावे’ हा विचार शिक्षणशास्त्रात एकदा येऊन गेलेला आहे. 1931 मध्ये अमेरिकेतील विनेटका येथील मॅबेल मॉर्फेट आणि कार्लटन वॉशबर्न यांनी मांडले, की मुलाचे मानसिक वय साडेसहा होईपर्यंत वाचन शिकवण्याची घाई करू नये. आकडा सुटसुटीत होता, त्यामुळे तो फोफावला. 1937 मध्ये आर्थर गेट्स यांनी निरनिराळ्या वर्गांची तुलना केली, तेव्हा दिसले की हे ‘लागणारे वय’ वर्गागणिक बदलते. साहित्य मुलांना साजेसे असले आणि शिक्षक एकेकाकडे लक्ष देत असला, की कमी वयही पुरते. म्हणजे मूल तयार आहे का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर शाळेच्या तपासणीतूनच मिळते. शाळेची तपासणी मात्र कुणी करत नाही.

ऑटिझमच्या बाबतीत याहून मोठे कारण आहे. या मुलांना एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वापरणे अवघड जाते. थेरपी केंद्रातल्या ठरावीक खुर्चीवर, ठरावीक ताईंसमोर शांत बसणारे मूल शाळेतल्या बाकावर तसेच बसेल याची काहीही खात्री नसते. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांचे जे वर्णन लिहिले, त्यातच भोवतालचे सारे होते तसेच राहावे ही या मुलांची ओढ ठळकपणे नोंदवली होती. अशा मुलाला वर्षभर शाळेबाहेर ठेवून शाळेसाठी तयार करायचे, हे विहिरीबाहेर पोहायला शिकवण्यासारखे आहे. वर्ष जाते, मूल थेरपीच्या खोलीत पारंगत होते आणि जूनमध्ये शाळा त्याला पहिल्याइतकीच परकी असते.

‘टाका शाळेत, चार पोरांत मिसळला की बोलेल’ हा उलट टोकाचा सल्लाही तितकाच निकामी. काही न करता सोडून देण्याला समावेश म्हणत नाहीत.

मग तयारी करायची कशाची? त्याच शाळेची, त्याच वस्तूंची. मेमध्ये रिकाम्या इमारतीत मुलाला फिरवावे. फाटक, वर्ग, बाक, नळ, बाई यांचे फोटो काढून घरी रोज दाखवावेत. गणवेश चार वेळा धुऊन मऊ करावा, कॉलरची लेबले कापावीत, सुट्टीतच घालायला लावावा. डबा स्वतः उघडता येतो का ते पाहावे. शाळेचे स्वच्छतागृह आधी दाखवावे. पुष्कळांचे घोडे वासापाशी आणि पाण्याच्या आवाजापाशी अडते. रेनकोटचा स्पर्श आणि ओले मोजे हा आपल्याकडचा खास जूनचा पेपर, तोही घरी सोडवून घ्यावा. एरिक शॉपलर यांच्या ‘टीच’ कार्यक्रमाने 1972 पासून नॉर्थ कॅरोलायनात चित्रांचे वेळापत्रक रुजवले: आता काय, पुढे काय, घरी कधी. त्याला पुठ्ठा आणि डिंक यापलीकडे खर्च नाही. न बोलणाऱ्या मुलाच्या हाती ‘मला बाहेर जायचे आहे’ असे चित्रकार्ड द्यावे. पहिले काही आठवडे तासाभराचीच शाळा असावी.

आता शाळेने काय करावे? निदान पहिल्या दिवशीचा प्रवेशोत्सव या मुलापुरता टाळावा. ढोल-ताशे, फुगे, औक्षण, अनोळखी पाहुण्यांचे हात: हेतू स्वागताचा, पण आवाज आणि स्पर्श यांनी बिथरणाऱ्या मुलाला याहून वाईट सुरुवात देता येणार नाही. एरवी शाळेच्या रीती काही दगडावर कोरलेल्या नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा आदिवासी मुले शाळेत येईनात. दोघींनी मुले सुधारण्याची वाट पाहिली नाही. शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. त्या परंपरेचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात एका मुलासाठी घंटेपासून लांबचा बाक देणे जड का जावे?

थांबावे लागेल अशी मुलेही असतात. फिट्स आटोक्यात नसतील, मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर डॉक्टरांचा शब्द आधी. शिक्षण हक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला आहे. पण तो निवडायचा मुलाच्या बाजूने. शाळेने सुचवून गळ्यात मारायचा नाही.

याच कायद्याचे कलम 13 सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेशासाठी चाळणी लावण्यास मनाई करते. पहिल्या उल्लंघनाला 25,000 रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तेव्हा पालकांनो, पहिलीच्या प्रवेशावेळी ‘आधी बसायला शिकवून आणा’ असे कुणी म्हणाले, तर वाद घालू नका. तेवढेच वाक्य शाळेच्या कागदावर, सही-शिक्क्यासह लिहून मागा.