बुखारीचं नळकांडं

द्रासला आमची तुकडी चढली तेव्हा पाटण तालुक्यातला एक नवा पोरगा माझ्या सेक्शनला होता. पहिल्याच संध्याकाळी त्याने 'बुखारी लावा, बुखारी बंद करा' अशी आरडाओरड ऐकली आणि हळूच विचारलं, "हवालदार साहेब, इथं सगळ्यांनाच ताप येतो का?" आम्ही पोट धरून हसलो. पण पोरगं फार चुकलं नव्हतं. बुखार हा मूळचा अरबी शब्द, अर्थ वाफ. तापाचा बुखार आणि शेगडीची बुखारी एकाच घरातल्या. अफगाणिस्तानातही घर तापवायच्या शेगडीला बुखारीच म्हणतात.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचं एक पिंप, कमरेएवढं. आत जळायचं भांडं. बाजूला उंचावर तेलाचा डबा, त्यातून बारीक नळीने रॉकेल थेंबथेंब आत येतं. नळीला तोटी असते, तीच आमची रेग्युलेटर. पिंपाच्या डोक्यातून नळकांडं निघतं ते छपरातून बाहेर, आणि वर पाऊस-बर्फ आत येऊ नये म्हणून पत्र्याची टोपी. एवढंच यंत्र. बाहेर उणे पंचवीस असताना बंकरमधल्या सहा माणसांचं सगळं त्याच्याभोवती चालतं. मोजे त्याच्यावर वाळतात, बर्फ त्याच्यावर वितळतो, चहा त्याच्यावर होतो. टीव्ही नव्हता, तेव्हा लोक बुखारीकडेच बघत बसायचे.

नियम पाठ होते. तापलेल्या भांड्यात तेल ओतायचं नाही, वाफ पेट घेते आणि तोंड भाजतं. हवेचं भोक बुजवायचं नाही. निजताना बुखारी बंद. नळकांडं थंड झाल्यावर उतरवून काठीने बडवायचं, दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून आतली काजळी काढायची. टोपी रोज बघायची. हे सगळं मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फौजेत काही गोष्टी विचारायच्या नसतात असं आपण समजतो.

2003 च्या हिवाळ्यात आमची पोस्ट तेरा हजार फुटांच्या वर होती. दोन दिवस वादळ चाललं होतं. पाटणच्या पोराने संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, जरा मळमळतंही म्हणाला. त्या उंचीवर डोकेदुखी आणि मळमळ म्हणजे हवामान लागलं, हे आमचं ठरलेलं निदान. मी त्याला गोळी दिली, पाणी पाजलं आणि म्हणालो, "बुखारीजवळ झोप, सकाळी बरं वाटेल." त्या रात्री थंडी इतकी होती की बुखारी बारीक करून चालूच ठेवू, असं मीच ठरवलं. टोपी त्या दिवशी कुणी बघितली नव्हती. वादळात छपरावर माणूस चढवायला मला नको वाटलं होतं.

मध्यरात्री पहारा बदलायला बाहेरचा जवान आत आला. मला उठवायला लागला तर मी उठेना. त्याने शहाणपणा केला. आधी दार सताड उघडलं आणि एकेकाला ओढून बर्फात काढलं. नर्सिंग असिस्टंट ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन धावला. माझं डोकं फुटायला आलं होतं, उलट्या होत होत्या, पण शुद्ध आली. इतर तिघेही उठून बसले. पाटणचा पोरगा उठला नाही. वादळ थांबल्यावर हेलिकॉप्टरने त्याला खाली नेलं. तो जगला, पण पुढे कित्येक आठवडे नुकतंच सांगितलेलं विसरायचा, हात कापायचे. शेवटी मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवलं. चौकशी झाली. टोपीवर बर्फ साचून नळकांडं बंद झालं, असं कागदावर आलं. त्या कागदावर माझ्या निर्णयाचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर मी वाचायला लागलो. सुरुवात शिक्षा म्हणून केली, पुढे नाद लागला.

आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर धुरात भाकऱ्या थापल्या. डोळे गेले, छाती गेली. पण झोपेत सगळं घर गार झालं, असं कौलारू घरात सहसा होत नसे, कारण घर गळकं होतं. कौलांतून, कुडातून हवा खेळायची. शिवाय धूर स्वतःच ओरडून सांगतो. डोळे चुरचुरले की माणूस बाहेर पळतो. काश्मिरी माणूस फिरनच्या आत कांगडी घेऊन बसतो, त्यात कोळशाचे निखारे. जुन्या लाकडी घराच्या फटींनी त्यालाही बऱ्याच अंशी सांभाळलं. तीच कांगडी बंद गाडीत किंवा बंद खोलीत घेऊन झोपलं की घात होतो. श्रीनगरचा हमाम त्याहून हुशार. दगडी फरशीच्या खाली जाळ आणि माणसं फरशीवर. रोमन लोकही दोन हजार वर्षांपूर्वी असंच करत. जळण एका जागी, श्वास दुसऱ्या जागी. घर तापवण्याच्या विद्येचं मर्म इथेच आहे, पण ते कळायला लोकांना फार वेळ लागला.

युरोपात चिमणी नीट बांधायला शिकवलं ते एका फौजी माणसाने, हे वाचून मला बरं वाटलं. बेंजामिन थॉम्प्सन, पुढे काउंट रम्फर्ड. जन्म अमेरिकेतला, चाकरी इंग्रजांची, नंतर बव्हेरियाच्या सैन्याची. म्युनिकला तोफांच्या नळ्या कोरताना पितळ एवढं तापतं कशाने, याचा त्याने शोध घेतला आणि उष्णता ही काही वस्तू नव्हे, ती हालचालीतून येते, असं 1798 मध्ये मांडलं. त्याच माणसाने 1796 मध्ये घरातल्या शेकोटीवर निबंध लिहिला. चिमणीचा गळा अरुंद करा, शेकोटी उथळ करा, म्हणजे धूर खोलीत न येता वर ओढला जाईल. लंडनच्या लोकांनी आपल्या शेकोट्या फोडून तशा बांधून घेतल्या. पण चिमणी धूर ओढते तोवर ठीक. ती बुजली तर काय होतं, हे अजून नीट कळायचं होतं.

ते रक्तातून कळलं. 1850 च्या दशकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं की कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. जाळाला पुरती हवा मिळाली नाही की हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो. म्हणजे शत्रू आपल्याच गणवेशात चौकीत शिरतो आणि पहारेकरी त्याला सलाम ठोकतो.

शास्त्रज्ञांना कळलं म्हणून घरात कळलं असं नाही. एमिल झोला हा मोठा फ्रेंच लेखक. कॅप्टन ड्रायफस या निरपराध तोफखाना अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा आळ आला, तेव्हा 1898 मध्ये साऱ्या सरकारला अंगावर घेऊन त्याची बाजू मांडणारा हाच. सप्टेंबर 1902 मध्ये तो गावाकडून पॅरिसच्या घरी परतला. झोपायच्या खोलीत कोळसा पेटवलेला, चिमणी बुजलेली. रात्री बायकोला बरं वाटेना. नोकरांना कशाला उठवायचं, सकाळपर्यंत बरं वाटेल, असं झोला म्हणाला. सकाळी तो मेलेला सापडला, बायको वाचली. चिमणी मुद्दाम बुजवली होती असंही पुढे बोललं गेलं, सिद्ध काही झालं नाही. मी मात्र त्याच्या त्या वाक्यावर बराच वेळ थांबलो. ते मीही बोललो होतो.

आणि मग हॉल्डेन. जॉन स्कॉट हॉल्डेन, स्कॉटलंडचा. जानेवारी 1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन 57 माणसं मेली. हॉल्डेनने प्रेतं तपासली. बहुतेक जण स्फोटाने नव्हे, तर स्फोटानंतर उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेले होते. कातडी लालबुंद, जणू जिवंत. हा गडी त्याआधीच प्रयोगशाळेत बसून हा वायू स्वतःच्या छातीत भरत होता आणि आपल्याला काय होतंय ते लिहून ठेवत होता. त्यानेच सुचवलं की खाणीत उंदीर किंवा छोटे पक्षी न्या. त्यांचा श्वास जलद, म्हणून माणसाच्या आधी ते कोसळतात. पिंजऱ्यातली कॅनरी आली ती तिथून. पहिल्या महायुद्धात भुयारं खणणाऱ्या पलटणींनीही ती नेली, आणि ब्रिटनच्या खाणींतून ती 1986 मध्ये निवृत्त झाली. हाच हॉल्डेन 1911 मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, चौदा हजार फुटांवर, पाच आठवडे राहिला. विरळ हवेत शरीर कसं रुळतं ते बघायला.

म्हणजे माझ्या बंकरातल्या दोन्ही गोष्टींवर, उंचीवर आणि वायूवर, एकाच माणसाने काम केलं होतं. उंचीची डोकेदुखी आणि वायूची डोकेदुखी यांत लक्षणावरून फरक करता येत नाही. फरक एकच: वायूची असेल तर एकाच खोलीतल्या आणखी कुणाचंही डोकं दुखतं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर उतरतं. त्या संध्याकाळी स्वयंपाक्याचंही डोकं दुखत होतं. मी त्याला थट्टेने रम कमी पी म्हणालो होतो.

आता ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी थोडं. माझी मुलगी टोरांटोला असते. तिच्या तळघरात गॅसची भट्टी आहे, ते लोक फर्नेस म्हणतात. न्यू जर्सीच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईंनी 1919 मध्ये गॅसवर घर तापवण्याच्या अशा भट्टीचं पेटंट घेतलं होतं. आत हमामचंच तत्त्व: जाळ पत्र्याच्या एका बंद कप्प्यात, आणि घरातली हवा त्या कप्प्याच्या बाहेरून तापून जाते. हवा ओढली जाते त्या तोंडाशी जाळी, म्हणजे फिल्टर असतो. तो धुळीने भरला की पंख्याला हवा मिळत नाही, पत्रा जास्त तापतो. भट्टी आपोआप बंद पडते, पुन्हा लागते, पुन्हा बंद पडते. असं वारंवार झालं की पत्र्याला चीर जाऊ शकते आणि मग जळालेला वायू घरात. मुलीच्या घरचा फिल्टर मी काढला तर तो गोधडीसारखा झाला होता. पातळ फिल्टर महिन्याला बघायचा, एक ते तीन महिन्यांनी बदलायचा. आधी भट्टी बंद करायची, आणि फिल्टरवरचा बाण भट्टीच्या दिशेने ठेवायचा. वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, जाणकार माणूस बोलवायचा. जाळ निळा हवा; पिवळा, लवलवता दिसला तर थांबायचं नाही. झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, ती आजची कॅनरी. तो वाजला की खिडकी उघडत बसायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडून मग फोन करायचा.

नव्या भट्ट्यांचा धूर भिंतीतून प्लास्टिकच्या पाइपने बाहेर जातो. जानेवारीत बर्फ पडला त्या पहाटे मी फावडं घेऊन घराच्या मागे गेलो. पाइप दिसतच नव्हता. मोकळा केला. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "बाबा, पहाऱ्यावर का?" मी म्हणालो, हो.

परत आल्यावर पाटणला गेलो. दरवर्षी जातो. पोरगा आता पस्तिशीपुढचा बाप्या आहे, शेती बघतो, बाजाराची यादी खिशात लिहून ठेवतो कारण लक्षात राहत नाही. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो. मावशींनी कौतुकाने नवीन न्हाणीघर दाखवलं: फरशी, नळ आणि भिंतीवर गॅसचा गीझर. खिडकी एवढीशी, तीही थंडी येते म्हणून पोतं कोंबून बंद केलेली. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, म्हणून गळती कळते. जळून जे उरतं त्याला वास नाही. मी मावशींना म्हणालो, "आज कुणी गरम पाण्याने आंघोळ करायची नाही."

त्यांनी पोराकडे पाहिलं. त्याने काही विचारलं नाही. पोतं ओढून काढलं आणि मोटरसायकलवर फिटरला आणायला गेला. संध्याकाळपर्यंत गीझर बाहेरच्या पडवीत, उघड्यावर लागला, गरम पाण्याची नळी तेवढी भिंतीतून आत. फिटर भोक पाडत असताना तो शिडी धरून उभा होता, हात थोडे कापत होते. मला म्हणाला, "साहेब, त्या रात्री टोपीवर बर्फ होता ना?" वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, टोपी का बघितली नाही तेही. तो ऐकत राहिला. मग खिशातली यादी काढून मागच्या बाजूला काहीतरी लिहून घेतलं.