अपशिंगे, कंसात मिलिटरी

लहानपणी मावशीला पत्र लिहायचं म्हणजे पत्त्यात एक इंग्रजी शब्द यायचा. मु. पो. अपशिंगे (मिलिटरी), जि. सातारा. मला वाटायचं तिथे मोठी छावणी असेल. मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यांदा गेलो तर ऊस, म्हशी आणि पारावर बसलेले मिशाळ पेन्शनर आजोबा! "रणगाडा कुठंय?" असं मी विचारलं होतं म्हणे. मावशीच्या सासरी अजून त्यावर हसतात. :-)

छावणी नव्हतीच. ते बिरुद मिळालं पहिल्या महायुद्धामुळे. या एका गावातले ४६ जण त्या युद्धात गेले. इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारलं आणि नावामागे मिलिटरी कायमचं चिकटलं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीचंही असंच. महाराष्ट्रात टाकळ्या ढिगाने आहेत, पण सैनिक टाकळी म्हटलं की तीच.

मावशीच्या आजेसासऱ्यांचा थोरला भाऊ त्या ४६ जणांतला. घरात एवढंच सांगतात की तो 'बसऱ्याला गेला'. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. त्या युद्धात मराठा पलटणी मोठ्या संख्येने तिकडे होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली आणि शरणागती पत्करावी लागली. ज्यांनी आयुष्यात सातारा सोडून फार तर पुणं-मुंबई पाहिली असेल, त्यांनी टायग्रिसच्या काठी उपाशी दिवस काढले.

बसऱ्याला या मोहिमेतल्या मृतांचं मोठं स्मारक आहे, १९२९ सालचं. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची कोरली. साध्या शिपायांची पलटणवार संख्या तेवढी लिहिली! युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. म्हणजे शंभर वर्षांनी.

हे वाचताना रशियातली गावं आठवली. उरल पर्वतापलीकडे चेल्याबिन्स्क प्रांतात पॅरिस, लाइपझिग, वार्ना अशी खेडी आहेत. कोसॅकांच्या या वस्त्यांना आधी नुसते आकडे होते. मग १८४० च्या दशकात, रशियन सैन्याने जिथे जिथे विजय मिळवला होता त्या जागांची नावं त्यांना दिली गेली. पॅरिसमध्ये २००५ साली मोबाईलचा टॉवर उभारला तोही आयफेल टॉवरच्या आकाराचा! मजा वाटते. पण तिथे आकड्यांची नावं झाली, आणि आपल्याकडे नावांचे आकडे. मीसुद्धा वर '४६ जण' असंच लिहून गेलो की!

नाव टिकलं तर काय होतं तेही पाहा. गोव्याला जाताना माणगावला यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. पाचव्या मराठाचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक केलं. माणगावकडचा पोरगा, आणि आठवण ठेवणारं गाव इटलीतलं.

हे सगळं आता का? तर मावशीचा नातू कॉलेजसाठी आमच्याकडे नेरुळला असतो. रोज पहाटे पाम बीच रोडच्या कडेने धावतो. त्याला अग्निवीर व्हायचंय. चार वर्षांची नोकरी, नंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम. परवा जेवताना विचारतो, "काका, जाऊ ना?" मी आमटीत बघत राहिलो. त्याचं नाव बसऱ्याला गेलेल्या त्या खापरपणजोबांचंच ठेवलंय. इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

मावशीला फोन केला. म्हटलं, तू काय म्हणतेस?

"आमच्या गावात नको कोण म्हणतं रे? धाकट्या दिरांच्या वेळी सासूबाई पण नाही म्हणाल्या. पण ते सुट्टीवर येईपर्यंत त्या स्मारकावरून जाताना मान वर करायच्या नाहीत. मी पण नाही करणार."

थोडं थांबून तिनेच शेजारच्या घरातलं एक नाव सांगितलं, बसऱ्याहून न आलेलं. मी वहीत लिहून घेतलं. दोन झाली. अजून ४४ आहेत. मंडळी, तुमच्या घरात कुणी 'बसऱ्याला गेला' असं नुसतं सांगत असतील, तर आजी-आजोबा आहेत तोवर नाव विचारून घ्या.

पोराला अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या पहाटे त्याच्याबरोबर जमेल तेवढं धावणार आहे. बघू.