क्लिनिकल ट्रायल : सही करण्यापूर्वी समजून घ्या



अमेरिकेतल्या मोठ्या हॉस्पिटलात, विशेषतः विद्यापीठाशी जोडलेल्या, उपचार घेताना डॉक्टर कधीतरी विचारतात, "या आजारावर आमच्याकडे एक ट्रायल चालू आहे. भाग घ्याल का?" पाठोपाठ कागदांचा गठ्ठा हातात येतो. "डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं" ही आपली सवय. इथे मात्र ते उत्तर पुरेसं नाही.

उपचार आणि ट्रायल यांतला फरक

उपचारात डॉक्टर तुमची तब्येत पाहून औषध ठरवतात. ट्रायलमध्ये आधीच लिहून ठेवलेला आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, पाळावा लागतो. नवं औषध मिळणार की सध्याचं, हे अनेकदा चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो. 'डबल ब्लाइंड' ट्रायलमध्ये तर ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. कॅन्सरसारख्या आजारावर चांगला उपचार उपलब्ध असेल तर नुसती औषधाविना गोळी (प्लासिबो) सहसा देत नाहीत; नव्या औषधाची तुलना चालू उपचाराशी होते.

चार टप्पे

पहिला : साधारण २० ते १०० जण. किती डोस सुरक्षित आहे?
दुसरा : काहीशे रुग्णांपर्यंत. गुण येतो का?
तिसरा : बहुधा ३०० ते ३,००० रुग्ण. चालू उपचारापेक्षा बरं आहे का?
चौथा : औषध बाजारात आल्यावरची पाहणी.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं बीटा व्हर्शन बिघडलं तर पुन्हा इन्स्टॉल करता येतं. शरीराचं तसं नाही. म्हणून टप्पा कोणता, हे पहिल्यांदा विचारा.

प्रायोजक कोण?

ट्रायलची जबाबदारी घेणारा तो प्रायोजक. तो औषध कंपनी, सरकारी संस्था किंवा खुद्द हॉस्पिटलही असू शकतं. हॉस्पिटलच प्रायोजक असेल तर तुमचे डॉक्टर आणि संशोधक ही एकच व्यक्ती असू शकते. अशा वेळी ट्रायलशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

तुमचं संरक्षण

अलाबामातल्या टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीयांना अंधारात ठेवून, पेनिसिलिन मिळू लागल्यावरही, उपचाराविना नुसतं पाहिलं. त्याचा बोभाटा झाल्यावर १९७४ मध्ये कायदा झाला. आज अशा ट्रायलना 'आयआरबी' या समितीची मंजुरी लागते. तिच्यात किमान ५ सदस्य असतात. त्यांत एक विज्ञानाबाहेरचा आणि एक त्या संस्थेशी संबंध नसलेला असावा लागतो.

संमतीपत्राची माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. आई-बाबा इथे आले असताना हा प्रसंग आला आणि त्यांना इंग्रजी अवघड जात असेल, तर हॉस्पिटलकडे दुभाषी मागा. मुलाने घाईघाईत केलेलं भाषांतर पुरेसं समजू नका.

खर्च

ट्रायलमधलं नवं औषध अनेकदा प्रायोजक देतो. नेहमीच्या तपासण्या इन्शुरन्सकडे जातात. २०१४ पासून बहुतेक खाजगी इन्शुरन्सना मान्यताप्राप्त ट्रायलमधला असा नेहमीचा खर्च नाकारता येत नाही. पाहुण्यांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सचं गणित वेगळं असतं. कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

हे प्रश्न विचाराच

१. भाग न घेतल्यास माझ्यापुढे कोणते उपचार आहेत?
२. जादा तपासण्या आणि फेऱ्या किती?
३. इजा झाली तर खर्च कोणाचा?
४. ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहील का?
५. रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा?

अमेरिकेतल्या ट्रायलची माहिती 'क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह' या सरकारी साइटवर मोफत पाहता येते. भारतात ट्रायलची नोंद 'सीटीआरआय'मध्ये होते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलसाठी सक्तीची आहे. पुण्या-मुंबईत नातेवाइकांना कोणी विचारलं, तर तिथला नोंदणी क्रमांक मागा.

कागद घरी न्या, सगळ्यांनी मिळून वाचा. सही केल्यावरही ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडता येतं. फक्त औषध एकदम न थांबवता डॉक्टरांना सांगून पडा. आणि नकार दिलात तरी तुमच्या नेहमीच्या उपचारांचा हक्क कायम राहतो.