आराध्यांच्या गळ्यातली कवडी

नवरात्रात लातूर-नांदेडकडचे आराधी परडी घेऊन जोगवा मागायला निघतात, तेव्हा गळ्यात कवड्यांची माळ हवीच. मग देवी तुळजापूरची असो की माहूरची. किनवटकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या कशिद्यातही कवड्या टाचलेल्या दिसतात. लातूरहून समुद्र मात्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे.

कवडी हे एका समुद्री गोगलगायीचं कवच. ही गोगलगाय उथळ पाण्यात, प्रवाळांच्या सांदीकपारीत राहते आणि शेवाळ खरवडून खाते. तिच्या अंगाची मऊ घडी दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकते आणि त्यावर चुन्याचा थरावर थर चढवते. कवडीची झिलई तिथून येते, तिला कुणा कारागिराचा हात लागलेला नसतो. माळेतली एखादी कवडी उलटी करून पाहा. मधल्या फटीच्या दोन्ही काठांना दाते दिसतील. पिल्लाच्या कवचाचं तोंड चांगलं रुंद असतं. वयात येताना त्याचा काठ आत वळतो, जाड होतो आणि ही फट उरते.

आपल्याकडच्या कवड्यांचं मोठं आगर म्हणजे मालदीव. चौदाव्या शतकात तिथे काझी असलेल्या इब्न बतूतानं सगळं लिहून ठेवलंय: कवड्या खड्ड्यात पुरायच्या, मांस सडून गेलं की पांढरं कवच काढायचं, ते बंगालला धाडून तांदूळ आणायचा. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या! त्याआधीच, ११५० साली, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त वीस कवड्यांची एक काकिणी आणि चार काकिण्यांचा एक पण, असा हिशेब आला होता. पुढे बाजारातून कवडी उठली. देवीच्या माणसांनी ती उतरवली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

समुद्राशी आपलं नातं माळेपुरतंच नाही. आपला पाऊस हिंदी महासागराच्या वाफेचा. २०१५ साली प्रशांत महासागर तापला, एल निनो आला, मराठवाड्यात पाऊस हुकला आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आणावी लागली. त्याच उन्हाळ्यात मालदीवभोवतीचा समुद्रही तापला. उष्ण पाण्यात प्रवाळ आपल्या अंगातलं, त्यांना अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. तिथे पाहणी झालेल्या प्रवाळांपैकी ६० टक्क्यांहून अधिक असे पांढरे पडले होते.