कड्ड-कट्ट आणि चिमूरची बातमी

दिवाळीच्या शुभेच्छांना एके काळी नुसता एक आकडा पुरत असे. सणासमारंभाच्या ठराविक मजकुरांची यादी तार खात्याने केली होती आणि तिच्यात पहिला मान दिवाळीचा होता. फॉर्मावर '१' लिहिला की पलीकडच्या गावी 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' पोचत. सॅम्युएल मोर्स यांच्या लिपीत हा आकडा म्हणजे एक बिंदू आणि चार रेषा. तारमास्तरांचे बोट खटक्यावर पडे, कड्ड-कट्ट असा आवाज होई आणि त्या आवाजातूनच पलीकडचा तारमास्तर अक्षरे वाची. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली ही तारसेवा कायमची बंद झाली.

तारेविषयी जिव्हाळा वाटणे साहजिक आहे. पण वाचकहो, तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तारेला दोन टोके असतात आणि दोन्ही टोकांना सरकारी माणूस बसलेला असे. १८८५ च्या कायद्याने कोणतीही तार अडविण्याचा किंवा उघडून पाहण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता. लग्नाची तार जाई, मृत्यूची जाई. सरकारला नको असलेली बातमी मात्र वाटेतच थांबे.

या तारेच्या जोडीने एक निराळी जमात वाढत होती. हे हौशी बिनतारीवाले. त्यांना 'हॅम' म्हणतात. घरच्या खोलीत यंत्र जोडायचे, छपरावर तार ताणायची आणि रात्री परमुलखातल्या अनोळखी माणसाशी बोलायचे, हा त्यांचा छंद. पैशाचा व्यवहार नाही. निरोप घेताना '७३' एवढा आकडा पाठवला की त्यात स्नेहाच्या शुभेच्छा आल्या. परवान्यासाठी मोर्स लिपीची परीक्षा द्यावी लागे. पुढे पहिल्या पायरीच्या परवान्याला ती अट राहिली नाही. पण अजूनही पुष्कळ हौशी ती लिपी आवडीने शिकतात. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने या मंडळींना आपापली प्रक्षेपक यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम काढले. यंत्रे जप्त करता आली. हाताला आलेली विद्या कशी जप्त करणार?

त्या विद्येची गरज तीन वर्षांनी पडली. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी गजाआड गेले. वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. अशा वेळी उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने व तिच्या सोबत्यांनी गुप्त नभोवाणी केंद्र उभारले. यंत्र जुळविण्यासाठी त्यांनी गाठले ते मुंबईच्या हौशी बिनतारीवाल्यांना. त्यांत नरिमन प्रिंटर हे मुख्य. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांचा या केंद्राला पाठिंबा होता. 'हिंदुस्थानातील कुठल्या तरी ठिकाणाहून' ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र घराघरांतून हलवावे लागे.

आता आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे वळू. त्याच ऑगस्टच्या १६ तारखेला, ऐन नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी पेटली. चिमूर तेव्हा चांदा जिल्ह्यात, नागपूरहून शंभरएक किलोमीटरवर. आष्टी वर्धा जिल्ह्यात. चिमूरला झालेल्या गोळीबारात सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. मागाहून फौज आली आणि तिने गावावर, बायाबापड्यांवर जे अत्याचार केले ते छापू द्यायला सरकार तयार नव्हते. छापण्याची वाट बंद, तारेची वाट बंद. उरली फक्त हवा. चिमूर-आष्टीची हकीकत देशाला ऐकविली ती काँग्रेस रेडिओने, असे उषाताईंनी पुढे सांगून ठेवले आहे. ज्यांच्या घरात दुःख घडले त्यांना ते कोणीतरी ऐकले एवढाच तेव्हा आधार होता. आणि तो लहान नव्हे.

१२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात पोलिसांनी केंद्र पकडले. ठिकाण कळले ते प्रिंटर यांच्याकडूनच. त्यांना अटक झाली, त्यांनी वाट दाखविली आणि खटल्यात ते माफीचे साक्षीदार झाले. शेवटच्या रात्री 'वंदे मातरम्' वाजत असताना पोलिस दारावर आले. उषाताईंनी ते थांबविण्यास नकार दिला. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ साली त्या सुटल्या.

हवाही गप्प झाली. चिमूर मात्र गप्प बसले नाही. चिमूरची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमाचे प्रा. भन्साळी यांनी त्याच नोव्हेंबरात उपोषण आरंभले. त्याची बातमी देण्यासही बंदी आली, तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. साठाहून अधिक दिवसांनी, १२ जानेवारीला, उपोषण सुटले. तोवर चिमूरचे नाव देशभर झाले होते.

प्रिंटर यांना काय म्हणावे? त्यांच्या हातांनी केंद्राला आवाज दिला आणि त्यांच्याच जिभेने तो बंद केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि इतिहास लिहिताना त्यांतली एकही खोडून चालणार नाही. विद्या ज्याला येते तो धीराचा असतोच असे नाही; आणि धीर ज्याला आहे त्याला विद्येवाचून आवाज मिळत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी बिनतारीवालेच निरोप पोचवायला धावले. या वेळी त्यांच्यामागे पोलिस नव्हते. घरात कोणी मुलगा वा मुलगी तारांचे भेंडोळे घेऊन बसत असेल, तर 'काय हा उद्योग' म्हणून त्याला रागावू नका. तो उद्योग कधी कुणाच्या गावाची बातमी होईल, हे आज कोण सांगणार?